वाहनातील लहान ध्वनिवर्धक : बॅटरी, वायर आणि फ्यूज

गोव्यातील वाड्या-वस्त्यांवर एखादी सूचना घरोघर पोहोचवावयाची असली, तर ध्वनिवर्धक बसविलेली गाडी हे साधन आजही उपयोगी पडते. आरोग्य शिबिराची तारीख, पाणीपुरवठ्यातील खंड, तियात्राचा प्रयोग, फुटबॉलचा सामना, जत्रोत्सवातील नाटक अशा नाना प्रकारच्या वार्ता गाडीवरच्या कर्ण्यातून लोकांच्या कानी जातात. भ्रमणध्वनीवरील संदेश वेगाने फिरतो हे खरे. परंतु शेतात चिखलणीला लागलेल्या माणसाच्या हाती त्या वेळी भ्रमणध्वनी नसतो. अतिवृष्टीच्या दिवसांत नदीकाठच्या लोकांना सावध करावयाचे तर वीज आणि दूरध्वनी दोन्ही बंद पडलेले असण्याचा संभव असतो. अशा प्रसंगी स्वतःची वीज स्वतः बाळगणारी गाडी आणि तिच्यावरचा लहानसा ध्वनिवर्धक यांचे मोल कळून येते.

हे ध्वनिवर्धक संच पुष्कळदा तयार विकत घेतलेले नसतात. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेला गावातील एखादा तरुण, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थी किंवा माध्यमिक शाळेचे विज्ञान मंडळ असा संच स्वतःच जुळविते. त्यासाठी लागणारी पाच पायांची काळी आयसी बाजारात अल्प किमतीस मिळते. मोटारीतील रेडिओकरिता म्हणूनच निर्माण केलेली टीडीए २००३ ही त्यांपैकी एक असून तिच्याभोवती मोजके कपॅसिटर आणि रोधक डाख देऊन जोडले की काम होते.

ही जुळणी बहुधा निर्दोष असते, कारण ती टेबलावर, भरपूर उजेडात आणि आकृती समोर ठेवून केलेली असते. त्यानंतर संच गाडीत बसविताना मात्र बॅटरीपासून दोन वायरी घाईघाईने ओढल्या जातात व त्या कामाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. वास्तविक गाडी पेटण्याचा धोका, ऐन वेळी इंजिन सुरू न होण्याची नामुष्की आणि आवाजात मिसळणारी कर्कश शीळ या तिन्हींचा उगम याच दोन वायरींत असतो. संच जळाला तर थोड्या पैशांचे नुकसान होते. वायर जळाली तर गाडी जाते, आणि गाडीत माणसे असतात.

बारा व्होल्टमध्ये किती आवाज मावतो?

मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची म्हणून ओळखली जाते, परंतु तिच्या टोकांवर नेमके बारा व्होल्ट क्वचितच आढळतात. तिच्यात सहा घरे असतात व प्रत्येक घराचा दाब दोन व्होल्टहून किंचित अधिक असतो. पूर्ण भारित बॅटरी विसावलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन सुरू झाले की आल्टरनेटर तिला भारित करू लागतो आणि दाब १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणून वाहनासाठी जुळविलेला संच पंधरा व्होल्ट निर्धास्तपणे सोसणारा असावा लागतो. टीडीए २००३ अठरा व्होल्टपर्यंत चालते. याउलट, टेबलावरच्या लहान स्पीकरांसाठी विकल्या जाणाऱ्या पीएएम ८४०३ सारख्या चकत्या केवळ पाच व्होल्टच्या असतात. त्या थेट बॅटरीला जोडल्या तर क्षणात निकामी होतात. ट्रक व मोठ्या बसगाड्यांत दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट घेतलेले असतात, हेही जोडणीपूर्वी पाहून घ्यावे.

विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या बाबतीत अलीकडे एक घातक पद्धत रूढ होऊ पाहत आहे. त्यांतील अनेक रिक्षांत बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकत्र जोडून अठ्ठेचाळीस व्होल्ट मिळविलेले असतात. संचाला बारा व्होल्ट हवेत म्हणून चारांपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढली जाते. ती एक बॅटरी इतरांपेक्षा रोज अधिक रिकामी होते, भारित करताना मागे राहते, आणि काही महिन्यांत ती खराब होऊन सगळा संचच ओढीला कमी पडू लागतो. रिक्षावाल्याची रोजची कमाई तिच्यावर अवलंबून असल्याने हा व्यवहार महागात पडतो. अशा वाहनात अठ्ठेचाळीसाचे बारा व्होल्ट करून देणारा स्वतंत्र परिवर्तकच वापरावा.

आता वॅटचा प्रश्न. शंभर वॅट, दोनशे वॅट असे आकडे खोक्यांवर ठळकपणे छापलेले असतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर प्रत्यक्षात किती मिळू शकतात, याचा हिशेब शाळेतील गणितानेही करता येतो. साध्या रचनेत स्पीकरच्या एका टोकाचा दाब स्थिर असतो आणि दुसऱ्या टोकाचा दाब फार तर शून्य ते १४.४ व्होल्ट या दरम्यान झुलू शकतो. म्हणजे मध्यबिंदूपासून कोणत्याही बाजूस ७.२ व्होल्टपेक्षा मोठा झोका शक्यच नाही. या झोक्याचे प्रभावी मूल्य सुमारे ५.१ व्होल्ट येते. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या चार ओहमने भागले की उत्तर येते साडेसहा वॅट. टीडीए २००३ च्या निर्मात्यांनीही १४.४ व्होल्टवर चार ओहमला ६ वॅट आणि दोन ओहमला १० वॅट एवढाच दावा केलेला आहे, आणि तोही आवाजातील दहा टक्के विकृती गृहीत धरून.

दोन ध्वनिवर्धक एकाच स्पीकरच्या दोन टोकांना परस्परविरुद्ध दिशांनी झुलतील अशा रीतीने जोडले, तर झोका दुप्पट आणि शक्ती चौपट होते. या रचनेला ब्रिज म्हणतात. तिची वरची मर्यादा चार ओहमला सव्वीस वॅटच्या आसपास येते. प्रत्यक्षात पंधरा ते वीस वॅट हाती लागतात. यापलीकडे जावयाचे तर बॅटरीचा दाब वाढवून देणारा परिवर्तक संचात असावाच लागतो. तो नसलेल्या व मूठभर आकाराच्या संचावर शंभर वॅट छापलेले दिसले, तर तो आकडा छापणाऱ्याच्या हौसेचा समजावा. एके काळी याच हौसेतून खोक्यांवर पीएमपीओ नावाचे एक माप अवतरले होते आणि त्याचे आकडे हजारांच्या घरात जात असत.

थोडे वॅट मिळतात म्हणून निराश होण्याचे मात्र कारण नाही. वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट वाटत नाही. तो केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती खर्चावी लागते. त्यापेक्षा स्पीकर बदलणे शहाणपणाचे ठरते. दारात बसविण्याचा कागदी पडद्याचा स्पीकर एका वॅटला एक मीटर अंतरावर नव्वद डेसिबलच्या आसपास ध्वनी देतो, तर धातूचा कर्णा शंभराहून अधिक देतो. गाणे ऐकण्यास कर्णा रुक्ष वाटेल, पण मनुष्यवाणीतील अक्षरे तो दूरवर स्वच्छ पोहोचवितो. पुष्कळ कर्ण्यांचे युनिट सोळा ओहमचे असते. ते ब्रिज रचनेला जोडल्यास फार तर सहा-साडेसहा वॅट घेते. एका वॅटला १०५ डेसिबल देणारा कर्णा धरला, तर सहा वॅटवर तो मोकळ्या जागी दहा मीटरवर ९३ व शंभर मीटरवर ७३ डेसिबल ध्वनी देतो. वाडीवर सूचना देण्यासाठी एवढा आवाज पुरेसा आहे.

दीड हजार वॅटची वायर

संचाला लागणारा प्रवाह फार मोठा नसतो. सहा वॅटचा संच पूर्ण आवाजात एक अँपिअरच्या आसपास घेतो; ब्रिज रचनेतील दोन कर्णे चालविणारा संच तीन-चार अँपिअर घेईल. त्यामुळे हाताशी असलेली कोणतीही बारीक वायर चालेल, असा समज होतो. बॅटरी मात्र संचापुरता प्रवाह देऊन थांबणारी वस्तू नाही. इंजिन फिरविण्यासाठी सेल्फ मारताना तीच बॅटरी शंभर-दीडशे अँपिअर सहज देते. तिला जो मार्ग मोकळा सापडेल, त्या मार्गाने ती तेवढा प्रवाह लोटण्यास सदैव सिद्ध असते.

समजा, बॅटरीच्या धन टोकापासून एक चौरस मिलिमीटर जाडीची चार मीटर वायर गाडीच्या मागील भागापर्यंत नेली आहे. इंजिनाच्या कप्प्यातून आत येताना ती पत्र्याच्या भोकातून ओढलेली आहे. गाडी रोज हादरते. पत्र्याची धार वायरीच्या आवरणावर घासत राहते. पावसाळा जातो, उन्हाळा येतो, आवरण मऊ पडते. मागच्या बाजूस, सीटखाली, असेच आणखी एक टोक पत्र्यावर घासत असते. एक दिवस तांबे पत्र्याला भिडते. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असल्यामुळे परिपथ तिथेच पुरा होतो.

या चार मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.०७ ओहम असतो. बॅटरीचा व जोडांचा थोडा रोध त्यात मिळविला तरी प्रवाह दीडशे अँपिअरच्या घरात जातो, आणि वायरीत निर्माण होणारी उष्णता दीड हजार वॅटहून अधिक होते. घरातील कपड्यांच्या दोन इस्त्र्या जेवढी उष्णता देतात, तेवढी या पेन्सिलीहून बारीक वायरीत कोंडली जाते. काही सेकंदांतच आवरण वितळते, धूर होतो आणि वायरीलगतचा गालिचा, सीटचा फोम किंवा शेजारच्या इतर वायरी पेट घेऊ शकतात. या सर्व काळात ध्वनिवर्धक संच मात्र सुरक्षित असतो, कारण प्रवाह त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. संचाच्या पेटीत बसविलेला फ्यूजही तसाच शाबूत राहतो.

फ्यूज कोठे बसवावा या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. फ्यूज आपल्या पुढच्या भागाचे रक्षण करतो, मागच्या भागाचे नव्हे. तो संचाशेजारी बसविला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडी पडते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर, इतर कोणत्याही जोडाच्या आधी असला पाहिजे. संचात आणखी एक लहान फ्यूज ठेवण्यास हरकत नाही, परंतु तो मुख्य फ्यूजची जागा घेऊ शकत नाही.

फ्यूजचा आकडा ठरविताना संचाची भूक आणि वायरीची सहनशक्ती या दोन्ही पाहाव्यात. तो संचाच्या कमाल प्रवाहापेक्षा थोडा अधिक आणि वायर निर्धास्त वाहू शकेल त्यापेक्षा कमी असावा. तीन-चार अँपिअरच्या संचाला दीड चौरस मिलिमीटरची वायर व पाच किंवा साडेसात अँपिअरचा फ्यूज योग्य होय. सहा वॅटच्या संचाला तीन अँपिअरचा पुरतो. मोटारीतील पात्याच्या फ्यूजांचे रंग ठरलेले आहेत : तीनचा जांभळा, पाचचा फिकट तांबूस, साडेसातचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा. फ्यूज वारंवार जात असेल तर वायरीत किंवा संचात दोष आहे असे समजावे. तेथे वरच्या आकड्याचा फ्यूज घालणे, तांब्याची तार गुंडाळणे अथवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद दडपणे हे प्रकार गाडीला काडी लावण्यासारखेच आहेत. कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर दहा टेम्पो तपासले तर त्यांत असा एखादा चंदेरी कागद सापडणारच नाही, अशी खात्री देता येत नाही.

वायर घ्यावयाची ती अनेक बारीक तारांची, तेल आणि उष्णता सोसणारी, मोटारीसाठीच बनविलेली असावी. घराच्या भिंतीत घालण्याची एकेरी जाड तार हादऱ्यांनी आतल्या आत तुटते. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट बसवावा, वायरीवर नळी चढवावी आणि दर वीत-दीड वीत अंतरावर ती पट्टीने बांधावी. एक्झॉस्टचा पाइप, स्टिअरिंगचा दांडा, पेडल आणि दाराच्या बिजागऱ्या यांपासून ती दूर न्यावी. अलीकडच्या गाड्यांत छताच्या खांबांमधून व स्टिअरिंगच्या आसपास एअरबॅगच्या वायरी जातात. त्या बहुधा पिवळ्या आवरणात असतात. त्यांना हातही लावू नये व त्यांवर परीक्षणाचा दिवा टेकवू नये.

वायर जाड असण्याचा दुसराही लाभ आहे. अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन आठ मीटर असेल तर पाच अँपिअरला तिच्यातच जवळजवळ १.४ व्होल्ट खर्ची पडतात. एवढ्याने संचाची शक्ती पाचव्या हिश्श्याने घटते आणि मोठ्या आवाजात शब्द फाटू लागतात. त्याच जागी अडीच चौरस मिलिमीटरची वायर असेल तर नुकसान पाव व्होल्टच्या आसपासच राहते. ध्वनिवर्धक बदलूनही आवाज सुधारला नाही अशी तक्रार पुष्कळांची असते. त्यांनी एकदा वायर बदलून पाहावी.

रात्रीची गाडी

गावातील जीप किंवा व्हॅन दिवसा सूचनांसाठी फिरते आणि रात्री-अपरात्री तीच रुग्णाला इस्पितळात नेते. ती गाडी सेल्फ घेईनाशी झाली तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ध्वनिवर्धक थेट बॅटरीला जोडून त्याचे बटण चालूच राहिले, तर आवाज नसतानाही तो प्रवाह घेत राहतो. टीडीए २००३ शांत असताना पन्नास मिलिअँपिअरच्या आसपास घेते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण दिवसाला तो १.२ अँपिअर-तास होतो, आणि पंधरा दिवसांत अठरा. लहान गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची असते. म्हणजे पंधरवडाभर उभी राहिलेली गाडी निम्मी बॅटरी गमावून बसते, आणि बॅटरी जुनी असेल तर ती सुरूच होत नाही.

यावर उपाय सोपा आहे. संचाला चावीबरोबर चालू-बंद होणारा पुरवठा द्यावा. दहा-पंधरा वॅटपर्यंतच्या संचासाठी गाडीतील सिगारेट लायटरचे सॉकेट वापरणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. त्याला कारखान्यातूनच फ्यूज बसविलेला असतो, पत्र्याला भोक पाडावे लागत नाही, आणि काम झाले की प्लग काढून ठेवता येतो. फक्त चावी काढल्यावर ते सॉकेट बंद होते की नाही, हे एकदा पाहून घ्यावे. काही गाड्यांत ते होत नाही. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांनी तर दुसरा विचारही करू नये.

मोठ्या संचासाठी बॅटरीपासून स्वतंत्र वायर घेऊन मध्ये रिले बसवावा. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली वायर ३० वर, संचाकडे जाणारी ८७ वर, चावीकडून येणारी बारीक वायर ८६ वर आणि पत्र्याला जाणारी ८५ वर जोडावी. चावी फिरली की रिले टक् असा आवाज करून मार्ग खुला करतो. इंजिन बंद ठेवून दीर्घकाळ भाषणे चालवावयाची असतील तर गाडीच्या बॅटरीला हात न लावता वेगळी बॅटरी नेणे चांगले.

शीळ कोठून येते?

इंजिन सुरू करताच स्पीकरमधून बारीक शीळ येऊ लागते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा स्वर चढतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ही शीळ आल्टरनेटरची. तो निर्माण करीत असलेल्या विजेत बारीक लहरी असतात आणि इंजिनाच्या गतीबरोबर त्यांची कंपने वाढतात. बहुतेक लोक लागलीच फिल्टर विकत आणतात. तो कधी उपयोगी पडतोही, परंतु मूळ दोष पुष्कळदा अर्थमध्ये असतो.

गाडीचा पत्रा सगळीकडे सारखाच शून्य व्होल्टचा आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातून दिवे, पंखा, वायपर या सर्वांचे प्रवाह परतत असतात, त्यामुळे पत्र्याच्या दोन ठिकाणांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. ध्वनिवर्धकाचा अर्थ एका ठिकाणी व त्याला गाणे पुरविणाऱ्या यंत्राचा अर्थ दुसऱ्या ठिकाणी जोडला, की हा फरक ध्वनिसंकेतात मिसळतो. संच त्याला संगीत समजून मोठा करतो. म्हणून ध्वनीच्या सर्व उपकरणांचे अर्थ एकाच बिंदूवर आणावेत. त्या जागेचा रंग खरवडून पत्रा चकाकता करावा, वायरीच्या टोकाला लग दाबून बसवावा आणि दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळावा. रंगावरच स्क्रू पिळून केलेले अर्थिंग आज चालते आणि पावसाळ्यात बंद पडते. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारे लहान यंत्र असते. तेथे संचाची ऋण वायर थेट टोकावर न जोडता पत्र्यावर जोडावी.

भ्रमणध्वनीवरून गाणी किंवा ध्वनिमुद्रित सूचना लावण्याची प्रथा आता सर्वत्र आहे. तो त्याच गाडीच्या सॉकेटवर भारित होत असताना वायरीने संचाला जोडलेला असला, तर हीच शीळ हमखास येते, कारण अर्थाचे दोन मार्ग तयार होतात. चार्जर काढून पाहावा. शीळ थांबली तर निदान झाले. मग ध्वनिसंकेताच्या वायरीत विलगीकरण करणारा लहान ट्रान्सफॉर्मर घालावा अथवा गाणे चालू असेतो चार्जर काढून ठेवावा. ब्ल्यूटूथची चकती संचातच बसवून तिला त्याच पुरवठ्यातून वीज दिली तरी हा दोष उद्भवतो, हे अनेकांना चमत्कारिक वाटते. परंतु संकेत हवेतून आला तरी अर्थ शेवटी तारेनेच जोडलेला असतो.

टीडीए २००३ च्या पाठीवरील धातूची पट्टी आतून अर्थाला जोडलेली असते. ती थेट गाडीच्या पत्र्यावर बोल्टने बसविली तर विजेच्या दृष्टीने अपघात होत नाही, पण अर्थाचा दुसरा मार्ग निर्माण होऊन गुणगुण सुरू होते. मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा व प्लॅस्टिकची टोपी घालून ती अलग करावी. ब्रिज रचनेत तर स्पीकरच्या दोन्हींपैकी एकही वायर पत्र्याला लागता कामा नये. लागली तर आयसी जळण्याचा संभव असतो.

ऊन, मीठ आणि पाऊस

अशा आयसीत बॅटरीतून घेतलेल्या शक्तीचा मोठा हिस्सा उष्णता होऊन बाहेर पडतो. बंद गाडी उन्हात उभी असता आतील हवाच साठ अंशांच्या घरात जाऊ शकते, तेव्हा टेबलावर पुरेशी वाटलेली ॲल्युमिनियमची पट्टी गाडीत अपुरी पडते. ती दुप्पट मोठी घ्यावी व संच डॅशबोर्डच्या वर न ठेवता सीटखाली, हवा खेळेल अशा जागी ठेवावा. पुरवठ्यावरचा कपॅसिटर सोळा व्होल्टचा न घेता पंचवीस व्होल्टचा घ्यावा. धन-ऋण उलटे लागल्यास संच वाचावा म्हणून एक डायोड घालावा. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक कधीही काढू नये. तसे केल्यास आल्टरनेटरचा दाब क्षणार्धात कित्येक दशके व्होल्टपर्यंत उसळतो आणि ध्वनिवर्धकच काय, गाडीचा संगणकही त्यात जाऊ शकतो.

किनारपट्टीवरच्या गावांत खारी हवा जोडांना खाते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमू लागली की तिथला रोध वाढतो. ती गरम पाण्याने धुवावी, टोके कोरडी करून आवळावीत व त्यांवर ग्रीज किंवा व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. नुसत्या पिळलेल्या व टेप लावलेल्या जोडांना या हवेत एक पावसाळाही तग धरता येत नाही.

परवानगी

ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम, २००० अन्वये ध्वनिवर्धक वापरण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर त्याचा वापर निषिद्ध आहे. सार्वजनिक आणीबाणीचा प्रसंग त्यास अपवाद आहे. निवासी भागासाठी दिवसाची ध्वनिमर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ डेसिबल अशी ठरविलेली आहे. इस्पितळे, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवती घोषित झालेल्या शांतता क्षेत्रात वाहनावरचा कर्णा बंदच ठेवावा. वर दिलेला शंभर मीटरवरील ७३ डेसिबलचा हिशेब येथे पुन्हा आठवावा, म्हणजे लहान संचही नियमाच्या दृष्टीने लहान नाही हे ध्यानी येईल.

पहिली चाचणी

सर्व जोडणी पूर्ण होईपर्यंत बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. काढताना ऋण आधी व लावताना ते शेवटी, हा क्रम पाळावा. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. प्रथम मुख्य फ्यूज न घालता मीटरने धन वायर आणि पत्रा यांमधील रोध पाहावा. कपॅसिटर भरेपर्यंत काटा हलतो व नंतर स्थिरावतो. तो शून्यावरच चिकटून राहिला तर फ्यूज घालू नये, दोष शोधावा. मग फ्यूज घालून, आवाजाची कळ अगदी कमी ठेवून संच सुरू करावा. अर्धा तास नेहमीच्या आवाजात चालल्यावर बॅटरीपासून संचापर्यंत वायरीवरून, फ्यूजच्या खोबणीवरून आणि प्रत्येक जोडावरून हात फिरवावा. हाताला जिथे ऊब लागेल, तो जोड सोडवून पुन्हा करावा.